दोन हिरवे

अंधाऱ्या खोलीत बसून मी पेशी पाहते,
वाल्दिव्हियात, नदीकाठच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर.
खाली मासळीबाजारात समुद्रसिंह भुंकतात,
आतडी कुणी लवकर फेकत नाही म्हणून.
वर माझ्याकडे निव्वळ पंख्याची घरघर.

मूत्रपिंडातल्या या पेशींना पाय असतात.
खरंच. रक्ताच्या बारीक नळीला
पायांनी मिठी मारून बसतात त्या,
एकीची बोटं दुसरीच्या बोटांत,
आणि मधल्या फटींतून पाणी जातं,
प्रथिन जात नाही.
शाळेतल्या पोरांना हे सांगते तेव्हा
ती आधी आपापल्या हातांकडे बघतात.

पेशीच्या आत दोर असतात. एरवी न दिसणारे.
ते दिसावेत म्हणून मी एका अळंबीचं विष वापरते.
रानात ती खाल्ली तर यकृत जातं,
मागोमाग माणूस;
माझ्या काचेवर मात्र तिचं विष दोराला घट्ट धरतं
आणि निळ्या उजेडात हिरवं पेटतं.
कुणाचं काय कुठे कामी येईल.

मंगळवारी तीन बश्या होत्या.
पहिलीत पेशी सुखरूप, दोर या काठापासून त्या काठापर्यंत
ताणून बांधलेल्या काथ्यासारखे.
दुसरीला मी इजा केली होती, मुद्दाम, औषध घालून:
दोर तुटून कडेला गोळा झालेले, मधे काळोख,
पाय आखडून घेतलेले.
तिसरीत इजेच्या आधी स्टेरॉइड.
थेंबाच्या थेंबाचा थेंब.
आणि दोर उभे! पहिलीपेक्षाही जाड.
मी ओस्वाल्दिनाला हाक मारली.
ती आली, डोळा लावला, "मोजून घे," म्हणाली, गेली.
मी दोनशे पेशी मोजल्या.

जिन्याखाली नोल्फा भेटते महिन्यातून एकदा,
निएब्लाहून पोराला घेऊन आलेली.
बेलिसारियो, वय सात.
मार्चमधल्या एका सकाळी त्याचे डोळेच उघडेनात, इतका सुजला होता.
लघवीला फेस, बिअरसारखा, असं सांगताना ती हसली
आणि मग हसणं कुठे ठेवावं ते तिला कळेना.
आता गोळ्या चालू आहेत. सूज उतरली,
चेहरा पुन्हा फुगला, या खेपेला औषधानं.
"एकच पोरगं," ती म्हणते, "दोनदा अनोळखी झालं मला."
रात्री दोनला उठून तो पाव मागतो,
दाराला लाथा घालतो,
मग रडत म्हणतो, तो मी नव्हतो.

काय सांगू? गोळी पत्ता विचारत नाही.
मूत्रपिंडात बसून दोर वळते
आणि त्याच फेरीत हाडात जाऊन चुना उपसते,
झोपेत शिरते, भुकेत शिरते,
एकच किल्ली दारोदार लावून बघते
आणि दारं उघडतात, हीच तर अडचण.

नोल्फाच्या पर्समध्ये पट्ट्यांची बाटली असते.
रोज सकाळी पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं.
पिवळी राहिली तर निभावलं.
हिरवी झाली तर गळतंय.
वहीत ती त्या त्या रंगाच्या पेन्सिलीनं चौकोन भरते.

तिसऱ्या बशीचा फोटो मी तिला दाखवला,
मोठ्या हौसेनं.
ती एक पाऊल मागे सरली.
"इतकं हिरवं?"

मला क्षणभर कळलंच नाही.
मग हे हिरवं वेगळं, हे चांगलं, वगैरे
बोलत राहिले, माझ्याच कानांना पटेना असं.
बेलिसारियोनं फोटो उलटा धरला, सुलटा धरला.
"हे माझे पाय?"
नाही रे. बशीतले. कुणा परक्याचे, फार जुने.
"मग माझे कसे आहेत?"

ते अजून कुणी पाहिलेले नाहीत.
पाहायचे तर पाठीतून सुई घालावी लागेल,
आणि डॉक्टर म्हणतात, एवढ्यात नको.
मी म्हटलं, तुझ्या पट्टीला विचार.
तो काही बोलला नाही. बूट आपटत राहिला फरशीवर.

साडेचारची बस होती.
फोटो ठेवू का, त्यानं विचारलं. ठेव म्हटलं.
नोल्फानं तो वहीत नाही घातला;
पर्सच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवून चेन ओढली,
दोन्ही हिरवे एकमेकांना लागू नयेत म्हणून.